तुंगहाईचं चॅपल सांभाळणाऱ्या सरांना, मुंबईहून

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

तैवानच्या तुंगहाई विद्यापीठातल्या ल्यूस मेमोरियल चॅपल या प्रार्थनाघराविषयीच्या आमच्या शंका तुम्ही सवडीने, नकाशे पुढ्यात ठेवून सोडवल्यात. मनापासून आभार. आरसीसी दुरुस्तीचीच कामं करणाऱ्या आम्हा मंडळींना ही शिदोरी पुष्कळ दिवस पुरेल.

आय. एम. पेई आणि चेन ची-क्वान या वास्तुविशारदांचं हे चॅपल १९६३ मध्ये पुरं झालं. लाकूड तिथल्या दमट हवेत टिकलं नसतं, विटांची कमान भूकंपाला धोक्याची; म्हणून काँक्रीट. उंची १९.२ मीटर, आसनं ५००, आणि आत एकही खांब नाही. पिळदार चार पाकळ्या हीच भिंत, हेच छप्पर. आतल्या शंकरपाळी जाळीच्या फासळ्या खाली जाड होत जातात, कारण वरचा भार तिकडेच साठतो.

तुम्ही आमचं लक्ष फोटोतल्या डौलावरून सांध्यांकडे वळवलंत, ते फार मोलाचं. बाहेरच्या पिवळ्या चकचकीत टाइल्समधून पाणी शिरत नाही. ते शिरतं टाइल्समधल्या फटींतून आणि पाकळ्यांमधल्या काचेच्या कडेने, जिथे सीलंट (फट बुजवणारा लवचीक माल) उन्हाने कडक होऊन सुटतं. म्हणून पाहणी भर पावसात नको, उघडीप झाल्यावर दोन दिवसांनी हवी: बाकी सगळं सुकलेलं असताना ओली राहिलेली जागा तेव्हाच कळते. टाइलवर नायलॉनची हातोडी हलके वाजवावी. बद्द आवाज आला तर ती मागून सुटलेली आहे.

सळईला गंज चढला की तो दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फोडतो. नुसतं वरून लिंपून भागत नाही. सळईच्या मागेही साधारण वीस-पंचवीस मिलिमीटर उकरून ती लखलखीत घासावी लागते. तरीही ठिगळाच्या कडेला, जुन्या काँक्रीटमध्ये गंज नव्याने सुरू होतो. ताज्या मालात सळई सुरक्षित राहते आणि शेजारची भोगते. (मुंबईतल्या सोसायट्यांना हे पटवताना तोंडाला फेस येतो.)

आतलं काँक्रीट उघडं आहे, तेव्हा ठिगळाचा रंग वेगळा दिसणारच. दिसू द्यावा. सगळीकडे एकसारखा रंग फासला तर ओतकामाच्या साच्यातल्या फळ्यांचे ठसे बुजतील आणि पुढचे तडेही झाकले जातील.

अमेरिकेतल्या गेटी फाउंडेशन या कला-वारसा संस्थेच्या २०१४ च्या अनुदानातून जतनाचा अभ्यास झाला, हे उत्तमच. आता त्याच मापाच्या, त्याच झिलईच्या टाइल्स आधीच भाजून साठ्याला ठेवता आल्या तर पाहा. एकेका टाइलसाठी भट्टी पुन्हा पेटवायला कुणी तयार होत नाही.

आपले नम्र,
मुंबईतले आरसीसी दुरुस्तीवाले