श्रावण पाळणाऱ्यांना मीटिंगचा पत्ताही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गटारीच्या आदल्या दिवशी मटणाचे भाव, दुसऱ्या दिवशी नाकाबंदीत किती तळीराम सापडले त्याचा आकडा आणि मग थेट श्रावणी सोमवारची रांग. वृत्तपत्रांचा हा क्रम दरवर्षी ठरलेला. याच आठवड्यात घरोघरी कुणीतरी ‘आता महिनाभर बंद’ म्हणतो. त्यांतल्या काहींना दारू कायमची सोडायची असते, पण गणपतीनंतर काय करायचे ते कुणी सांगितलेले नसते.

आधी एक धोका. जो रोज पितो, सकाळी हात स्थिर करायलाही घेतो, त्याने एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते. काही तासांतच थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भास आणि भ्रम होतात. घरच्यांना ते ‘बाहेरचे’ वाटते आणि अंगारा लावण्यात वेळ जातो. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्यावे. त्याच्या नकळत भाजीत गोळीची पूड घालणे तर बंदच व्हावे. ते बहुधा डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवण्याचे औषध असते. त्यावर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळू शकतो.

शरीर सावरले की अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, या दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या संघटनेची मीटिंग गाठावी. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही मद्यपी, यांनी ती सुरू केली. आपल्याकडे ती १९५७ पासून आहे. फी नाही, फॉर्म नाही, रजिस्टर नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. कुणी एएच्या नावाने प्रवेश फी मागितली किंवा माणसाला ठेवून घेतो म्हटले, तर ती एए नव्हे.

मीटिंगची जागा बहुधा शाळेचा वर्ग किंवा चर्चमागची खोली. बाहेर मोठी पाटी नसते, त्यामुळे लोक फाटकाशी घुटमळून परत जातात. एएच्या संकेतस्थळावर याद्या आहेत, पण वार आणि जागा बदलतात. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून चार गोष्टी विचाराव्यात: आजची मीटिंग नक्की आहे का, भाषा कोणती, ओपन की क्लोज्ड, आणि दाराशी कुणी भेटेल का. ओपनला बायको-भाऊ बसू शकतात, क्लोज्ड फक्त मद्यपींसाठी. शक्यतो फोन ज्याचा त्याने करावा. बायकोने ठरवलेल्या मीटिंगला नवरा एकदा जातो, तेही तिच्या समाधानासाठी. तिच्यासाठी अल-अ‍ॅनॉन हा मद्यपींच्या घरच्यांचा वेगळा गट आहे. तिने तिथे जावे, नवरा येवो न येवो.

आत तास-दीड तास. सुरुवातीला वाचन, मग एकेकाचे शेअरिंग, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगणे. मध्ये कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. आपली पाळी आली तर फक्त नाव सांगून ‘आज ऐकतो’ म्हटले तरी चालते. ऐच्छिक पैशांची पिशवी फिरते, नवख्याने ती पुढे सरकवावी. खरी चूक शेवटी होते. प्रार्थना संपताच लोक चपला शोधतात. पण फोन नंबर मिळतात ते त्यानंतरच्या चहाला, आणि संध्याकाळी सातला तलफ आली की कामाला येतो तो नंबरच. दारूतून सावरण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा पायऱ्यांतल्या देवाच्या उल्लेखाने नास्तिक बिचकतात. तिथे ‘आपल्याला उमजेल तसा’ असे स्पष्ट म्हटले आहे आणि अनेक जण गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. एका मीटिंगवरून मत बनवू नये. गटागणिक वातावरण निराळे असते, तीन-चार तरी पाहावेत. बायकांना पुरुषांनी भरलेल्या खोलीत बोलणे जड जाते. त्यांनी केवळ महिलांच्या मीटिंगची चौकशी करावी, ऑनलाइनही चालतात. स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायली गेली, तर लपून बसू नये, दुसऱ्याच दिवशी यावे. तिथे कुणी हजेरी घेत नाही.

श्रावण निभला याचा अर्थ ‘मनात आणले की सोडता येते’ असा काढणे ही सर्वांत महागडी समजूत. महिनाभर दिवस मोजत काढलेला माणूस पहिल्याच बैठकीत मागची भरपाई करतो. उलट याच महिन्यात डोके ताळ्यावर असते, म्हणून पहिली मीटिंग श्रावणातच व्हावी.

आपल्याला विनंती एवढीच. ‘शहरात आज’ सदरात भजन-कीर्तनाच्या वेळांखाली आपल्या भागातल्या मीटिंगचा वार, वेळ आणि खूण छापा. सोबत व्यसनमुक्तीची १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही द्यावा. छापण्यापूर्वी गटाला विचारून वेळ पक्की करून घ्या. प्रायोजक शोधू नका, एए बाहेरची देणगी घेत नाही. आणि कृपया छायाचित्रकार पाठवू नका. वृत्तपत्रात चेहरा वा पूर्ण नाव येऊ न देणे हा त्यांचा नियम आहे, आणि नवखा माणूस त्याच भरवशावर दार ढकलतो.

– एक व्यसनमुक्ती समुपदेशक, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये)