मार्गारेट हॉल यांचंही नाव घ्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गॉर्डन हॉल २० मार्च १८२६ ला आमच्या सिन्नर तालुक्यातल्या दोडी दापूरला वारले, म्हणजे २०२६ मध्ये २०० वर्षं होतात, त्यानिमित्त थोडं लिहितोय. हॉल म्हणजे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले पहिले अमेरिकन मिशनरी, सोबत सॅम्युएल नॉट आणि त्यांच्या पत्नी रोक्साना. त्यांच्यावर जे काही बोललं लिहिलं जातं त्यात शाळा येतात, छापखाना येतो, १८२६ चा मराठी नवा करार (बायबलचा दुसरा भाग) येतो आणि ते यायलाच पाहिजे, पण ही सगळी विशीतिशीतली, संसार नुकताच मांडलेली माणसं होती हे कुठेच येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुरुवातच बघा ना. १८१२ मध्ये अमेरिकेहून निघालेल्या मिशनऱ्यांच्या त्या पहिल्या तुकडीत हॅरिएट न्यूवेल होती, वय १८, लग्न होऊन काही दिवसच झालेले. कलकत्त्यात कंपनी सरकारने राहू दिलं नाही म्हणून नवरा बायको मॉरिशसला निघाले, जहाजावरच बाळंत झाली, बाळ गेलं आणि ३० नोव्हेंबरला तीही मॉरिशसला गेली, एकोणीस वर्षांची पोर! नवरा सॅम्युएल पुढे एकटा मुंबईला आला, हॉलबरोबर काम केलं, १८२१ मध्ये कॉलऱ्याने गेला. हॉल आणि नॉट यांनाही मुंबई सोडायचा हुकूम होता, ते गुपचूप कोचीनपर्यंत गेले, तिथून परत आणले गेले, म्हणजे राहायला मिळेल की नाही याचीच खात्री नाही आणि त्यातच मराठी शिकणं चाललेलं. नॉट कुटुंब तब्येतीमुळे १८१५ मध्येच परत गेलं.

१८१६ मध्ये हॉलनी मुंबईतच मार्गारेट लुईस यांच्याशी लग्न केलं. रोज बाजारात, देवळांपाशी जाऊन लोकांशी मराठीत बोलायचं, शाळांवर फिरायचं (शिकवायला बहुतेक आपलेच पंतोजी आणि काही बेने इस्राएली म्हणजे इथलेच ज्यू शिक्षक), भाषांतर आणि प्रुफं तपासायची, हा हॉल यांचा दिनक्रम. आणि घरी? मुंबईची हवा, वरचेवर ताप, डॉक्टरांकडेही धड इलाज नसायचा अशा काळात लहान मुलं वाढवायची. १८२५ मध्ये उरलेल्या दोन मुलांची तब्येत बघून मार्गारेट त्यांना घेऊन अमेरिकेला निघाल्या, हॉल काम सोडून गेले नाहीत. एक मुलगा वाटेत जहाजावरच गेला. जहाजाचा प्रवास महिनोन्महिने, पत्रालाही तेवढाच वेळ, म्हणजे मुलगा गेल्याचं बापाला आणि नवरा गेल्याचं बायकोला कधी कळणार विचार करा.

इकडे हॉल नाशिकला गेले तर तिथे कॉलरा. जवळची औषधं लोकांना देत राहिले, संपेपर्यंत दिली. परतीच्या वाटेवर दोडी दापूरला देवळाच्या ओसरीवर मुक्काम, पहाटे त्यांनाच लागण झाली आणि दुपारपर्यंत संपलं सगळं. वय ४१. त्यांच्यासोबत प्रवासाला आलेल्या दोन तरुण पोरांनी तिथेच पुरलं. हॉल यांचा जिवंत राहिलेला मुलगा, त्याचंही नाव गॉर्डनच, पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये पाळक (चर्चचा धर्मगुरू) झाला.

धर्मांतर या विषयावर लोकांची वेगवेगळी मतं आहेत, असू देत, तो वाद मला इथे काढायचा नाही. पण माझं ठाम मत आहे की जेवढं हॉलनी दिलं तेवढंच मार्गारेटनी दिलं, आणि मार्गारेट यांचं नाव हॉल यांच्या शेजारी लागलंच पाहिजे. हॅरिएट आणि रोक्सानाचंही.

म्हणून दोन विनंत्या. २० मार्चला जिथे कुठे कार्यक्रम होतील तिथे बॅनरवर, पत्रिकेवर आणि भाषणात या तिघींची नावं घ्या. आणि ज्या मंडळ्यांकडे (चर्चकडे) जुनी बाप्तिस्म्याची, दफनाची रजिस्टरं आहेत त्यांनी निदान मोबाईलवर तरी पान न पान फोटो काढून ठेवा, कारण बायकामुलांच्या नोंदी त्यातच सापडतात आणि वाळवी लागलेलं रजिस्टर मी स्वतः हातात घेतलंय, पान उलटताना कडा गळून पडत होत्या. आमच्याकडचे दोघंतिघं तरुण हे काम फुकट करायला तयार आहेत, फक्त रजिस्टर बघायला द्या.

आपला,
एक वाचक, सिन्नर