मंद्या, एक गोष्ट कबूल करायचीये

प्रिय मंद्या,

फोनवरच सांगितलं असतं पण तू मध्येमध्ये बोलतोस आणि ह्या वेळी मला सलग सांगायचंय, म्हणून बसलो लिहायला. गुडघा कसाय आता? जिना उतरताना अजून आडवा पाय टाकतोस का? डॉक्टर सहा आठवडे म्हणाले की तू तीनच धरतोस हे मला पक्कं ठाऊक आहे, ह्या वेळी तो हिशोब लावू नकोस प्लीज. आणि हो, तुझ्या मालकीच्या एका वस्तूबद्दल कबुली द्यायचीये, पण ती तिच्या जागी येईल, आत्ताच शेवटचं पान उलटून बघू नकोस.

तर गेलो एकदाचे. आपण दोन वर्षं नुसतंच बोलत होतो ती धोंड्यांची वाट. मी, धाकटा, आणि ऑफिसमधला तो उंच, ज्याला तू ताडमाड म्हणतोस. तुला न घेता जायला कसंतरीच वाटत होतं पण तूच म्हणालास जा आणि सगळं सांग, नुसते फोटो पाठवू नको. बरं केलंस, कारण फोटो साफ खोटे आलेत. फोटोत ते धोंडे कुणीतरी गोट्यांचा डाव अर्धवट टाकून जेवायला पळावं तसे दिसतायत, आणि मग कोपऱ्यात लाल ठिपका दिसतो तो धाकट्याचा टी-शर्ट आहे हे कळलं की पोटात खड्डा पडतो.

पहिला टप्पा सांगण्यासारखा नाही, झाडी, मळलेली वाट, घाम. मग एक वळण आलं आणि वाट संपलीच. म्हणजे वाट होती, पण जमिनीवर नव्हती, धोंड्यांवरून होती. भूगर्भशास्त्रात २५६ मिलिमीटरपेक्षा मोठा दगड म्हणजे बोल्डर, असा सरळ नियम आहे. आता २५६ मिलिमीटर म्हणजे जेमतेम एक वीत आणि वर चार बोटं, आणि इथं समोर दुमजली घराएवढा उभा, त्यालाही बोल्डरच म्हणायचं! मी तिथंच उभ्या उभ्या हिशोब केला, ग्रॅनाइटचा एक घनमीटर साधारण २.७ टनांचा, म्हणजे चार मीटर व्यासाचा गोल धोंडा धरला तर नव्वद टन. आणि तो नव्वद टनांचा ऐवज बाजूच्या दोन दगडांवर असा टेकलेला की खालून आरपार उजेड दिसतोय. ताडमाड म्हणाला की हे वरून गडगडत आलं असणार. मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होतो, तुला माहितीये, घरून वाचून गेलो होतो.

गडगडत आलेले नाहीतच ते, म्हणजे बरेचसे. जागच्या जागी घडलेत. ग्रॅनाइट जमिनीखाली काही किलोमीटर खोल थंड होतो, वरचं ओझं झिजून गेलं की मोकळा होतो आणि त्याला उभ्याआडव्या चिरा पडतात, म्हणजे जमिनीखालीच चौकोनी ठोकळे तयार. मग त्या चिरांतून पाणी मुरतं आणि ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार नावाचं खनिज हळूहळू मातकट होत जातं. आता गंमत बघ, ठोकळ्याच्या सपाट बाजूला पाणी एकाच दिशेनं खातं, कडेला दोन दिशांनी, आणि कोपऱ्याला तीन. म्हणून कोपरे आधी जातात. नवीन साबणाची वडी कशी आठ दिवसांत गुळगुळीत होते, तसंच. मग वरची माती आणि भुगा वाहून गेला की आतले गोल गाभे एकावर एक बसलेले उघडे पडतात. हे सगळं मी इतकं रंगून सांगितलं आणि मागं बघतो तर धाकटा सॅकवर डोकं ठेवून झोपलेला. ताडमाड मात्र ऐकत होता, म्हणाला म्हणजे हे पडलेले नाहीत, उरलेले आहेत. शप्पथ, माझ्या अख्ख्या लेक्चरपेक्षा ते भारी होतं, पण तसं मी त्याला सांगितलं नाही.

(काही ठिकाणी खरंच कड्यावरून कोसळलेलेही असतात बरं का. अमेरिकेत ती साडेतीन हजार किलोमीटरची अपालाचियन ट्रेल आहे ना, तिच्यात मेन नावाच्या राज्यात महूसक नॉच म्हणून एक घळ आहे, जेमतेम मैलभर लांब, दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून पडलेल्या धोंड्यांनी गच्च भरलेली. आठवडेच्या आठवडे चालून तयार झालेल्या लोकांनाही तो एक मैल पार करायला दोन-दोन तास लागतात. हे मी वाचलं होतं आणि तरी गाढवासारखा स्वतःचा प्लॅन किलोमीटरमध्ये केला.)

तो प्लॅन पण ऐक. १८९२ साली नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं एक ठोकताळा दिला, आजच्या मापात सांगायचं तर पाच किलोमीटरला एक तास आणि वर चढायच्या दर सहाशे मीटरला अजून एक तास. आपली वाट वर जायला पाच किलोमीटर, चढ साधारण सहाशे मीटर, म्हणजे दोन तास. मी शहाणपणानं तीन धरले. मंद्या, साडेचार तास झाले तेव्हा आम्ही वाटेच्या दोन तृतीयांशावर होतो. कारण तिथं चालणं नाहीच रे, प्रत्येक पावलाला एक मीटिंग आहे. हा दगड हलतो का, हलला तर कुणीकडे, त्याच्या पुढचा कुठला, हात कुठं, आणि मुख्य म्हणजे परत येताना इथून उतरता येईल का. मोठे धोंडे गुमान बसलेले असतात, त्रास देतात ते सुटकेस ते फ्रिज ह्या साइजचे, दिसायला भक्कम आणि पाय ठेवला की टुणकन एक बाजू वर. मी तर सगळ्या दगडांना आधी थापटी मारत चाललो होतो. भरीव असला तर आवाज बसका येतो, पोकळ पापुद्रा असला तर डबडब वाजतो. धाकटा म्हणे तू काय तबला शिकतोयस का.

आणि तुझी ती जुनी शिकवण, कातळाला चिकटू नको, वजन पायावर ठेव. मला ती आजवर नुसती तोंडपाठ होती, इथं कळली. तिरक्या सपाट धोंड्यावरून चढताना भीतीनं अंग पुढं झुकवलं की टाचा उचलल्या जातात आणि बूट सुटायला लागतात, सरळ उभं राहून अख्खा तळवा टेकवला की तोच बूट गोंद लावल्यासारखा धरतो. पण तेवढ्यावर जाऊ नकोस, त्या धोंड्यांवर झिजलेल्या ग्रॅनाइटची रवाळ वाळू पसरलेली असते, तिच्यावर पाय पडला की छर्रे पसरलेल्या फरशीवर उभं राहिल्यासारखं. मी दोनदा आपटलो, एकदा कोपरावर आणि एकदा जिथं सांगण्यासारखं नाही तिथं. ट्रेकिंग पोल अर्ध्या तासातच सॅकला बांधून टाकले, दोन्ही हात लागतात, तीन ठिकाणी टेकलेलं असल्याशिवाय चौथं हलवायचं नाही.

मधे चाळीस मिनिटं फुकट गेली ती वेगळीच. वाटेवर पिवळे बाण रंगवलेत आणि जिथं बाण नाहीत तिथं दगडांची छोटी छोटी रचलेली ढिगुळी. आता लोकांना काय झालंय, जो येतो तो फोटोसाठी चार दगड एकावर एक ठेवून जातो, आणि आम्ही त्या हौशी ढिगुळ्यांच्या मागं मागं गेलो ते थेट एका सरळ तुटलेल्या धोंड्याच्या माथ्यावर. पुढं काही नाही, नुसती हवा. मोबाइलवरचा निळा ठिपका तर कधी डावीकडे उडी मारतोय कधी उजवीकडे, एवढ्या दगडांत आकाशच पुरेसं दिसत नाही त्याला. माझं मत विचारशील तर असल्या शोभेच्या दगडरचनांना सरळ लाथ मारावी, पण मग खऱ्या खुणेलाच लाथ बसायची, म्हणून तेही करता येत नाही.

तिथंच जरा टेकलो. धोंडा पाठीला मस्त कोमट लागत होता, बाजूला त्याचा एक भलामोठा पापुद्रा सुटून उभा, मधल्या फटीत माझी बोटं जात होती. तुला पाठवलं होतं ते आठवतंय का, अमेरिकेतल्या योसेमिटीत असाच एक कातळाचा पापुद्रा मोजला होता संशोधकांनी, २०१६ मध्ये छापून आलं, तो रोज दिवसा तापून कड्यापासून सुमारे एक सेंटीमीटर दूर व्हायचा आणि रात्री परत यायचा. म्हणजे नुसत्या उन्हानं. आपण दगड म्हणजे न हलणारी गोष्ट समजतो आणि तो रोज दार किलकिलं करतोय! मी बोटं काढून घेतली लगेच.

मग ते भोक आलं. दोन प्रचंड धोंडे, मधे चीर, आणि वर तिसरा धोंडा अडकून छप्पर झालेलं, बाण सरळ आत दाखवतोय. आतून गार हवा येत होती, फ्रिजचं दार उघडल्यासारखी. धाकटा काडी पैलवान, सरपटत गेला. ताडमाडनं सॅक पुढं ढकलली आणि आडवा होऊन गेला, त्याची लांबी त्याला उपयोगी पडली. मी मधल्यामध्ये. छातीपाशी अडकलो रे. एक हात पुढं, एक मागं, गाल दगडाला, आणि डोक्यावर तो छपराचा धोंडा. डोक्यानं सगळं कळत होतं, की पाचर जितकी दाबावी तितकी घट्ट बसते, नॉर्वेत शेराग डोंगरावर असाच पाच घनमीटरचा धोंडा कड्याच्या फटीत अडकलाय, खाली ९८४ मीटर पोकळी आणि लोक त्याच्यावर उभं राहून फोटो काढतात, तो काही पडत नाही. पण छातीला हे कुणी समजावायचं? मी श्वास भरून घेत होतो आणि म्हणूनच अजून घट्ट होत होतो. धाकटा पलीकडून एकदम शांत आवाजात म्हणाला, दादा, श्वास सोड, पूर्ण सोड, आणि मग सरक. सोडला. सरकलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला काहीतरी शिकवलं आणि त्याचा माज मी घरी येईपर्यंत सहन केला.

आता कबुली. त्या सरकण्यात सॅकच्या बाजूच्या खिशातून तुझी बाटली निसटली. तीच, स्टीलची, पोचा पडलेली, जिच्यावर तू खिळ्यानं नाव कोरलंयस. पायाशी एक फट होती तिच्यात गेली. आणि आवाज, मंद्या! टण, मग टण टण, मग बराच वेळ काही नाही, मला वाटलं संपलं, आणि मग खूप खालून एक बारीकसं टिण. तेव्हा कळलं की आपण ज्याला जमीन समजून चाललोय ती जमीन नाहीच, खाली अजून मजले आहेत.

टॉर्च मारला तर दिसली. आडवी पडलीये, तुझं नाव वरच्या बाजूला. मी पालथा झोपून हात घातला, खांद्यापर्यंत गेला, वीतभर कमी पडला. अजून थोडं खांदा आत घालावा म्हटलं तर शेजारचा धोंडा, फ्रिज साइजचा, किंचित कुरकुरला. एवढासाच. आणि मला तो अॅरन राल्स्टन आठवला, २००३ साली अमेरिकेत युटाहमधल्या अरुंद घळीत एकटाच उतरत होता, कुणाला सांगून आला नव्हता, अडकलेला धोंडा त्याच्या वजनानं सुटला आणि उजवा हात चेंगरून बसला, पाच दिवसांहून जास्त तसाच, शेवटी स्वतःचा हात स्वतःच कापून सुटला. त्याचा धोंडा काही घराएवढा नव्हता, चारशे किलोसुद्धा नव्हता. मी हात बाहेर काढला. सॉरी यार. पोचा पडलेल्या बाटलीसाठी तूही हात घातला नसतास असं म्हणणार होतो, पण तू घातला असतास, म्हणूनच त्या दिवशी तू सोबत नव्हतास हे एका परीनं बरं झालं.

आणि तिथूनच परत फिरलो. हो, टॉपला न जाता. हे वाचून तू पत्र खाली ठेवलं असशील. दीड वाजून गेला होता, वर ढग जमत होते आणि ह्या धोंड्यांवर सगळीकडं दगडफुलाचे राखाडी हिरवे चट्टे आहेत, कोरडे असताना बुटाला छान धरतात आणि भिजले की शेवाळ बरं. शिवाय उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागणार हे दिसतच होतं, चढताना निदान पुढची खोबण डोळ्यासमोर असते, उतरताना ती आपल्याच पोटाखाली लपते. ताडमाडला जायचं होतं, तो अर्धा तास गप्प होता. मग पहिले थेंब पडले आणि तो बोलायला लागला. बरंचसं अंतर आम्ही बसून, पँटच्या बुडावर उतरलो. ती पँट आता दाखवण्यासारखी नाही.

तर अशी आहे वाट. तुझा गुडघा धड होऊ दे, सहा म्हणजे सहा आठवडे, आणि नंतरचे व्यायाम पण, मग जाऊ. पहाटे निघू, पाच किलोमीटरला सहा तास धरू आणि लांब काठीला वाकडी तार बांधून नेऊ. बाटली जागेवरच आहे, अर्धी भरलेली, झाकण घट्ट, एवढे धोंडे राखणीला असताना कोण नेतंय.

तुझा,
नित्या

ता. क. धाकटा म्हणत होता लोहचुंबक दोरीला बांधून सोडू. ते नको आणूस, त्या स्टीलला चिकटत नाही, मी तुझ्या दुसऱ्या बाटलीवर करून बघितलं. हो, ती पण माझ्याकडेच आहे.