गेटवे ते नवगाव : मनापासून आभार

आम्ही इस्रायलच्या अश्दोदमधले बेने इस्रायली, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू. १९६८ साली अलिबाग सोडलेल्या आईला घेऊन यंदा मामाकडे आलो.

गेटवेला ओहोटी होती, बोट खाली गेलेली, पायऱ्या शेवाळलेल्या. दोन तरुणांनी “आजी, घट्ट धरा, घाबरू नका” म्हणत हातांची खुर्ची करून तिला अलगद उतरवलं. नाव विचारेपर्यंत ते गर्दीत दिसेनासे झाले.

अलिबागजवळच्या नवगावला, जिथे आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं असं घरोघरी सांगतात, रिक्षावाले दादा स्मारकापाशी तासभर उन्हात थांबले. जादा पैसे घेईनात. मामाच्या शेजारच्या काकूंनी मलिद्यासाठी, म्हणजे आमच्या गोड पोह्यांच्या प्रसादासाठी, नारळ खवून दिला. पोह्यांत तो ओला चव कालवताना आईचा हात थरथरत होता.

दादा, काकू, पोरांनो, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही.