बोलोन्याच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आपली भेट झालीच नाही. आम्ही इटलीत बोलोन्याला होतो ते चारही दिवस तुम्ही कामासाठी मिलानला, आणि मावसबहिणीच्या ओळखीवर मी तुम्हाला रोज व्हॉइस मेसेज पाठवून भंडावून सोडलं. फोनवर आभार मानून झालेत, तरी हे उघड लिहितेय. सत्तरीतल्या, शाकाहारी, गुडघे धरलेल्या आईला घेऊन त्या गावी जाणारी मी एकटी नसणार.

आधी ती चिठ्ठी. तिथले सारण भरलेले पास्ते दोन. तुम्ही बजावलंत की तोर्तेलिनी लहान, त्यांच्यात डुकराचं मांस, आणि ते ज्या रश्शात येतात तोही मांसाचाच. तोर्तेलोनी मोठे, आत रिकोत्ता चीज. एका मात्रेने आईचा धर्म बुडाला असता! मग तुम्ही इटालियनमध्ये हाताने लिहून फोटो पाठवलात: मांस नको, मासे नकोत, मांसाचं पाणीही नको. वेटरने मोबाइल हातात घेऊन ते दोनदा वाचलं आणि लोण्यात सेजची पानं परतून तोर्तेलोनी आणले. वर किसून घातलेल्या पार्मेझान चीजसाठी दूध फाडायला वासराच्या जठरातला अर्क वापरतात, हे मात्र तुम्ही मला एकटीला कळवलंत. मी आईला सांगितलं. ती क्षणभर थांबली. "सारणातही असेल ना ते? मग आता वरून काय काढायचं," म्हणाली आणि जेवली.

सान पेत्रोनियो चर्चमधली माध्यान्हीची रेघ बघायला बारा वाजता जाऊ नका, हा सल्ला तर लाखाचा. मे महिन्यात तिथली खरी माध्यान्ह घड्याळात सव्वाच्या जरा आधी होते. खगोलशास्त्रज्ञ कासिनीने (शनीच्या कड्यांमधल्या फटीला ज्याचं नाव आहे तोच) 1655 मध्ये फरशीवर जवळपास 67 मीटर लांबीची रेघ आखली आणि सत्तावीस मीटर उंचावर छताला एक भोक ठेवलं. आम्ही एक वाजताच जाऊन उभ्या राहिलो. जेवणाच्या ताटाएवढा उन्हाचा कवडसा फरशीवरून सरकत आला. सरकताना दिसतो हो! आई रेघेच्या पलीकडे उभी राहून वाट बघत होती, एखाद्या पाहुण्याला घ्यायला आल्यासारखी. तो रेघेवर आला तेव्हा तिने नकळत हात जोडले.

मनोऱ्यांचं तुम्ही आधीच सांगितलं नसतंत तर एक सकाळ वाया गेली असती. कललेला गारिसेंदा मनोरा धोकादायक झाला म्हणून ऑक्टोबर 2023 पासून शेजारचा असिनेल्लीही बंद. 498 पायऱ्या वाचल्या म्हणून आई खूशच झाली. कालव्यावरच्या त्या प्रसिद्ध खिडकीपाशी रांग होती. तुम्ही म्हणालात तसं पुढच्या गल्लीतल्या कठड्यावरून तोच कालवा निवांत पाहिला.

पोदेस्ता वाड्याखालच्या कमानीत समोरासमोरच्या कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून कुजबुजायचं, तेही केलं. मधून माणसं जात होती, तरी माझ्या कोपऱ्यात आईचा आवाज स्पष्ट आला: "गुडघा दुखतोय गं कालपासून. तुला म्हटलं नाही."

त्यामुळे डोंगरावरच्या सान लुका देवळाचा बेत तुमच्या म्हणण्याप्रमाणे बदलला. सारागोत्सा वेशीपासून मेलोन्चेल्लोच्या कमानीपर्यंतचा दीडेक किलोमीटर सपाट ओवऱ्यांमधून चालत, पुढे डोंगरावर गाडीने, आणि उतरतानाही गाडीनेच. एकूण 666 कमानी, त्यातल्या निम्म्याही आमच्या वाट्याला आल्या नसतील. त्या कमानी कशासाठी, हे तुमच्या मेसेजमधून आईला वाचून दाखवलं: वर देवळातल्या मेरीमातेचं चित्र दरवर्षी मिरवत शहरात आणतात, त्या वाटेवर 1674 पासून हे छप्पर बांधत गेले, आणि ही प्रथा पडली ती 1433 मध्ये, अतिपावसाने पिकं जायला लागली तेव्हा चित्र खाली आणलं आणि पाऊस थांबला, या श्रद्धेतून. आई म्हणाली, "आमच्या गावी पाऊस यावा म्हणून महादेवाचा गाभारा पाण्याने भरतात. यांचं उलटंच." मग खांबाला टेकून थोडा वेळ बसली. त्या ओवऱ्यांत कुणी उठ म्हणत नाही, हेही तुमचंच वाक्य.

तुमची,
पुण्याहून, मायलेकी

ता. क. तुमचा एक सल्ला मोडला. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली की स्वस्त, हे माहीत असूनही चौकात बसून प्यायलो आणि बिल बघून गप्प झालो. उभ्याने पाणीसुद्धा पिऊ नये असं मला जन्मभर ऐकवणाऱ्या बाईला काउंटरवर कसं उभं करणार?