होमस्कूलिंगनंतर शाळेत आलेल्या मुलांना जरा वेळ द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

आमची मुलगी अकरा वर्षांची होईपर्यंत घरीच शिकली आणि यंदा जूनमध्ये तिच्याच हट्टापायी आम्ही तिला बोरिवलीतल्या एका शाळेत सहावीला घातलं, तिला मैत्रिणी हव्या होत्या आणि त्या मिळाल्यात, डबा वाटून खाते, पीटीचा तास तर तिचा जीव की प्राण. पण वर्गात वेगळंच चाललंय. परवा युनिट टेस्टचा पेपर घरी आला, 60 चे तीन चतुर्थांश किती, असा प्रश्न होता. हिने लिहिलेलं, 60 चं अर्धं 30, त्याचं अर्धं 15, मिळून 45. उत्तर बरोबर आहे ना? तरी एक मार्क कापून लाल पेनाने शेरा, 'शिकवलेल्या पद्धतीने सोडवा'. ते का म्हणून विचारायला गेली तर डायरीत आलं की मुलगी उलट उत्तरं देते, पालकांनी भेटावे. आता ती घरी येऊन विचारते, आई प्रश्न विचारायचाच नाही का?

टीचरवर माझा राग नाहीये. कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय आणि त्यांच्यासमोर साठ मुलं बसलेली असतात, वर इलेक्शनची कामं, त्या तरी एकेकीचं किती ऐकणार.

पण त्याच शिक्षण हक्क कायद्यात, 2009 च्या, कलम 29 मध्ये स्पष्ट लिहिलंय की मूल भीती आणि दडपणापासून मुक्त असावं, त्याला आपलं मत मोकळेपणाने मांडायला मदत करावी. आणि कलम 4 सांगतं की कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार वर्गात घ्या आणि बाकीच्यांच्या बरोबरीला यायला विशेष प्रशिक्षण द्या, केंद्राच्या 2010 च्या नियमांत त्यासाठी किमान तीन महिने ते जास्तीत जास्त दोन वर्षं दिलीत. हे प्रशिक्षण म्हटलं की शाळाबाह्य, कामाला जाणारी मुलंच डोळ्यासमोर येतात, आणि त्यांना ते आधी मिळायलाच हवं, पण घरी शिकून आलेलं मूलही कधी शाळेत गेलेलं नसतंच की. त्याला गणित येतं, वाचन येतं, फळ्यावरचं भराभर उतरवून घेणं, पाणी प्यायला सुद्धा हात वर करणं, 35 मिनिटांत बेल झाली की अर्धवट चित्र सोडून दुसरं पुस्तक काढणं, हे येत नाही. ते येईल हो, पण चार-सहा महिने लागतील.

बोरिवलीच्या पुढे डहाणूकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांच्या कलाने शिकवून दाखवलं त्याला कित्येक दशकं झाली, म्हणजे आपल्याला हे काही नवीन नाही.

शाळांना एवढंच सांगणं आहे की अशा मुलांना पहिली टर्म तरी डायरीत शेरे देऊ नका, एक टीचर नेमून द्या जिला ते मूल तास संपल्यावर हवं ते विचारू शकेल, आणि उत्तर बरोबर असेल तर पद्धत वेगळी म्हणून मार्क कापू नका. शिक्षण विभागाने तसं एक परिपत्रक काढलं तर मुख्याध्यापकांनाही सोपं जाईल.

आपली,
एक पालक, बोरिवली (पश्चिम), मुंबई