पाच हजारांचा दुधी

किसननगर, ठाणे

चि. बाळास,
सलाम आणि अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेलो असतो तर माझा आवाज चढला असता आणि तू मीटिंगचं निमित्त काढून ठेवून दिला असतास. म्हणून कागद घेतला.

परवाच्या चर्चमधल्या हंगामाच्या सणाबद्दल लिहितोय. अर्पणात आलेल्या वस्तूंच्या लिलावात तू तो दुधी पाच हजारांना घेतलास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पाळकसाहेबांनी तुझं नाव घेतलं. टाळी मीही वाजवली, खोटं कशाला बोलू? बाजूला बसलेल्या माणसाला "माझा मुलगा, खारघरला असतो" असं सांगूनही झालं.

तेवढ्यात माझं लक्ष दुसऱ्या ओळीत बसलेल्या गवती चहावाल्या आजींकडे गेलं. तुझ्या आधीची बोली त्यांची होती. शंभर रुपये. पदराच्या टोकाला बांधलेली नोट त्यांनी सोडून हातात धरली होती. तुझा आवाज आला तशी त्यांनी ती पुन्हा गाठीत बांधली आणि तुझ्याकडे बघून हसल्या. दरवर्षी त्या गॅलरीतल्या डब्यात लावलेल्या गवती चहाची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून अर्पणाला आणतात आणि लिलावात काहीतरी एक विकत घेऊन घरी नेतात. वर्षातून एकदाच त्यांचा आवाज मंडळीत ऐकू येतो. यंदा त्या रिकाम्या पिशवीनं गेल्या.

तुझ्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. पाच हजार छपराच्या कामाला लागतील, तेही खरं. नगरकडे आपले आजोबा ज्वारीची कणसं, कोंबडी, अंडी घेऊन जायचे तेव्हा या लिलावाला अर्थ होता. इथे आपण जांभळी नाक्यावरून दुधी आणतो, देवापुढे ठेवतो आणि दसपट भावानं परत घरी नेतो! पण बायबलमधलं लेवीय १९ उघडून बघ. कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत कापू नका, पडलेल्या कणसांचा सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, असं तिथे आहे. यात मला फार आवडतं ते हे, की मालकानं कुणाच्या ओंजळीत काही घालायचं नाही. नुसतं सोडून द्यायचं. गरिबानं आपल्या हातानं कापायचं, आपल्या डोक्यावर वाहून घरी न्यायचं. बायबलमधली ती परदेशी गरीब विधवा, रूथ, तशीच बवाजाच्या शेतात वेचत होती.

मार्क १२ मधली, जवळ होतं नव्हतं ते दानपेटीत टाकणारी गरीब विधवा तुला पाठ आहे, संडे स्कूलमध्ये तू तिच्यावर बक्षीस मिळवलंस. यरुशलेमच्या मंदिरातल्या दानपेट्यांची तोंडं तुतारीसारखी होती आणि अशा १३ पेट्या होत्या, असं यहुद्यांच्या जुन्या लिखाणात आहे. नाणी पडताना केवढा खणखणाट होत असेल! तिच्या दोन टोल्यांचा, म्हणजे अगदी बारक्या नाण्यांचा, कितीसा होणार? येशू पेटीसमोर बसून बघत होता म्हणून कळलं. पण त्याच्या जरा वरच्या ओळी आपण सहसा वाचत नाही. मेजवानीत मानाच्या जागा धरणारे आणि विधवांची घरं गिळणारे शास्त्री तिथे आहेत. त्यांच्यामागोमाग ही बाई येते.

आणि प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीवर कशावरून चिडला होता? प्रभुभोजनाला जमल्यावर पैसेवाले आधीच खाऊन पिऊन घेत आणि उशिरा येणारा गरीब उपाशी राही. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असं त्यानं सरळ विचारलं. परवा रात्री मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. १९९४ मध्ये वागळे इस्टेटमधली माझी कंपनी बंद पडली तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. चार महिने घरात पगार नव्हता. मंडळीतले एक भाऊ घरी आले. खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "माझा पोरगा गणितात कच्चा आहे, एवढं बघाल का? तुमचे उपकार होतील." तीन महिन्यांची फी त्यांनी आगाऊ ठेवली. मी मोठ्या ऐटीत शिकवायला लागलो. तुझ्या आईनं त्यातून दूध आणि रेशन भरलं. पोरगा भलताच हुशार, मला वाटायचं माझ्याच शिकवण्यानं सुधारतोय! पुढे ते भाऊ प्रभूकडे गेले. दफनविधीनंतर तोच मुलगा मला म्हणाला, "सर, मी वर्गात पहिला यायचो. बाबांनी सांगितलं होतं, सरांसमोर मधूनमधून चुकत जा."

मी तिथेच कठड्यावर बसलो. इतकी वर्षं मी त्या माणसासमोर ताठ मानेनं वावरलो होतो, आणि ती मान ताठ राहावी म्हणून त्यानं आपल्या पोराला चुका करायला लावल्या होत्या. मला हे जमलेलं नाही, बाळा. मी कुणाला काही दिलं तर आठवड्याच्या आत तुझ्या आईला तरी सांगतोच.

तेव्हा पुढच्या रविवारी ठाण्याची गाडी पकड. उपासनेनंतर आपण दोघं त्या आजींकडे जाऊ. मी त्यांना विचारून ठेवलंय, "पोराला घरचा गवती चहा मिळत नाही, पाजाल का?" त्या एकदम खूष झाल्या. सोबत मिठाई, फळं, पाकीट काही आणू नकोस. साखर फार घालतात त्या. मुकाट्यानं पी, आणि दुसरा कप विचारला तर नाही म्हणू नकोस.

तुझे,
पप्पा